नाल्यात सुटलेलं रानधान

१९८४च्या कार्तिकात सत्यशीला एटापल्लीपुढच्या डोंगरात निघाली, ती रानधानासाठी. माथ्यावरच्या तळ्यात आपोआप उगवणारं, लांब कुसळांचं ते धान नागपूरच्या तिच्या कॉलेजात कुणी पाहिलंही नव्हतं. सोबत दगडमातीचा अभ्यास करणारा हरिदास होता, राजुऱ्याचा. "मलेही थोडं फील्डवर्क हाय," एवढंच तो बोलला होता. वाट दाखवायला पायथ्याच्या गावचे कोलूभाऊ.

त्यांना फील्डवर्क हा शब्दच खटकला.

"फील्ड म्हणजे वावर ना? मंग तुमचं वावर इथी कुठी हाय?" ते म्हणाले. "बांबूवाले फील्डवर्क म्हणत आले, बांबू गेला. पोलीसही तेच म्हणाले, अन् माह्या भावाले घेऊन गेले."

"मले मूठभर धान पायजे, भाऊ," सत्यशीला म्हणाली. "पोंभुर्ण्याले माह्या बापाचं वावर हाय."

"अन् याले काय पायजे?"

हरिदास नुसता हसला.

बांबूच्या बेटांतून, मोहाच्या खोडांवरचे अस्वलाचे ताजे ओरखडे पाहत ते चढत राहिले. हरिदास सारखा मागं रेंगाळे. हाक मारली की घाईघाईनं झोळी बंद करी. तळ्याकाठी सत्यशीलानं विळ्यानं ओंब्या कापून डबा भरला. उतरताना मात्र तिचं लक्ष हरिदासकडेच होतं. झोळीचा पट्टा त्याच्या खांद्यात रुतला होता.

"काय भरलं रे?"

"कपडे."

कपडे कधी असे खडखडतात!

वरच्या अंगाला ढग फुटले आणि सकाळी घोट्याएवढा असलेला नाला कमरेला लागला. थांबावं तर पाणी चढतच होतं. कोलूभाऊ पुढं, मधे हरिदास, मागं ती. काठ दोन हातांवर आला, आणि हरिदासचा पाय सटकला! झोळीनं त्याला खाली ओढलं. कोलूभाऊंनी त्याचं मनगट धरलं.

"झोळी सोड!" सत्यशीला ओरडली.

तो सोडेना! डोकं बुडालं. वर आलं. पुन्हा बुडालं! तिचा एक हात खडकाला, दुसऱ्यात डबा. तिनं धानाचा डबा पाण्यात सोडला. कमरेचा विळा उपसला. एक घाव. दुसरा. पट्टा तुटला! झोळीचं तोंड उघडलं, आणि तांबडेकाळे, जडशीळ दगड पाण्यात गडगडले.

काठावर हरिदास खोकत बसला. "एका कंपनीच्या साहेबाले लोखंडाच्या दगडाचे नमुने पायजे होते. नोकरी देतो म्हणे."

"नमुना आवडला असता, तं मंग?" कोलूभाऊंनी विचारलं. त्यानं मान खाली घातली.

"भाऊ, मले खरंच ठाऊक नव्हतं," सत्यशीला म्हणाली.

"नसन. पण त्याले घेऊन तूच आली."

धानासाठी उद्या पुन्हा वर नेता का, हे शब्द अगदी तिच्या ओठांवर आले होते. ते तिनं गिळले.

दुसऱ्या दिवशी कोलूभाऊ एसटीपर्यंत आले. गाडी सुटली, वळणावर पोहोचली, तरी ते रस्त्यात उभेच. निरोप द्यायला नव्हे. दोघं खरंच गेले की नाही, ते बघायला.