खर्ज्याच्या गिटारचे नवे पिकअप

ही घडलेली गोष्ट आहे. माझ्या मावसभावाच्या, दादाच्या बाबतीत घडलेली. ज्याला खोटी वाटेल त्यानं खुशाल खोटी समजावी, मी वाद घालणार नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

रविवारची दुपार होती. बाहेर लख्ख ऊन. दादा घरामागच्या त्याच्या कामाच्या खोलीत बसला होता. तो गिटार आणि त्यांचा आवाज मोठा करणारे अँप दुरुस्त करतो. भुताखेतांच्या गोष्टी कोणी काढल्या की हसून उठून जाणारा माणूस. म्हणजे, तेव्हा होता.

त्याच्या धाकट्या भावाला सगळे खर्ज्या म्हणायचे. आवाजच तसा खोल. शाळेत असताना फोनवर 'हॅलो' म्हणाला की पलीकडचा म्हणायचा, "काका, जरा मुलाला फोन द्या." गिटारही त्यानं स्वतःसारखीच निवडली. बॅरिटोन. नेहमीच्या गिटारपेक्षा मान लांब, तारा जाड, सूर खालचे. ती वाजली की आधी छातीत कळायचं, मग कानाला.

त्याचा ग्रुप एका तळघरात सराव करायचा. एकदा वरच्या गोदामाला आग लागली. ज्वाळा खाली आल्याच नाहीत. आला तो फक्त धूर. आणि दिवे गेले.

बाकीचे कसेबसे बाहेर पडले. खर्ज्या सापडला तो दाराच्या बरोबर समोरच्या भिंतीशी. दोन्ही तळहात भिंतीला टेकलेले.

गिटार पायाशी पडली होती.

मावशीनं कितीतरी महिने तिला कोणाला हात लावू दिला नाही. मावशी जेवायची, झोपायची, पण घरात असून नसल्यासारखी. मग त्या रविवारी स्वतःच गिटार उचलून दादाच्या टेबलावर आणून ठेवली.

"हिला बोलती कर," एवढंच म्हणाली.

लाकूड शाबूत होतं. बंबाच्या पाण्यानं पिकअप मात्र कामातून गेले होते. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली लोहचुंबकं, भोवती केसाहून बारीक तांब्याची वायर गुंडाळलेली. गिटारची तार थरथरली की तेवढंच त्यांना कळतं. माणसाचा आवाज त्यांना ऐकू येत नाही. वायर सैल पडली तरच कधीतरी येतो, म्हणून तर ती मेणात बुडवून घट्ट करतात.

दादानं कपाटातून दोन जोड काढले. एक दुहेरी गुंडाळीचा. त्याचा आवाज भरदार, खरखर अजिबात नाही, पण बॅरिटोनच्या खालच्या तारा त्यात गढूळ होतात. दुसरा एकेरी गुंडाळीचा. तो थोडी घरघर करतो, पण सूर कसा धुतल्यासारखा स्वच्छ. ऐकूनच ठरवू म्हणून त्यानं आधी दुहेरी जोड बसवला. वायरला डाग दिले, तारा ताणल्या, अँप लावला.

सगळ्यात जाड तार छेडली.

आवाज आला. भरदार, जरा गढूळ. मावशी दाराशी उभी होती. दादानं तारेवर तळहात ठेवला. तार गप्प झाली.

पण आवाज थांबला नाही...

कोणीतरी गुणगुणत होतं. खूप खाली. तोंड मिटून गुणगुणावं तसं.

दादानं अँपचं बटण फिरवलं, वायर हलवून पाहिली. काही बिघाड नव्हता. मग त्याच्या लक्षात आलं... पंखा फिरतोय, पण पंख्याचा आवाज येत नाहीये. रस्त्यावरून ट्रक गेला, खिडकीची काच थरथरली. ट्रकचा आवाज नाही.

त्या गुणगुणण्याखेरीज खोलीत दुसरा आवाजच उरला नव्हता.

मावशीच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी काहीतरी हललं. "तोच आहे," ती म्हणाली, आणि डोळे पुसत चहा टाकायला आत गेली.

दादानं स्वतःला समजावलं. कुठलंतरी रेडिओ स्टेशन पकडत असेल. होतं असं. जोड बदलला की जाईल. त्यानं घाईघाईनं एकेरी जोड लावला. डाग देताना दोनदा बोट भाजलं.

अँप चालू केला. तारांना हातही लावला नाही.

आधी नेहमीची घरघर.

मग पंखा गप्प झाला...

"दादा."

स्वच्छ. शेजारी बसून बोलावं तसा.

"दादा... दार कुठंय?"

मला हे सांगताना दादा टेबलाची कड घट्ट धरून बसला होता. तो म्हणाला, भीती नंतर वाटली, आधी मी उत्तर दिलं. गिटारवर वाकून, पिकअपला तोंड लावून तो सांगत होता, मागे वळ, भिंत सोड, सरळ मागे ये. पुन्हा पुन्हा तेच.

पण पिकअप फक्त आतलं बाहेर आणतात. बाहेरचं आत नेत नाहीत. हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

"दादा, दार कुठंय?"

तोच आवाज. तेवढाच घाबरलेला. जणू कोणी उत्तर दिलंच नव्हतं.

मग अगदी हळू, कोणाला ऐकू जाऊ नये असं...

"इथं कोणीतरी आहे."

दादानं वायर उपटली.

पंखा पुन्हा वाजू लागला. आतून कपबशांचा आवाज आला. मावशी विचारत होती, कुठला जोड बरा वाटतोय?

काय सांगणार होता तो? आईला काय ऐकवणार होता?

त्यानं एकेरी जोड काढला आणि गढूळवाला पुन्हा बसवला. म्हणाला, हाच शोभतो.

त्यानंतर रोज दुपारी मावशी त्या खोलीत जाऊन बसायची. गिटार भिंतीला टेकवलेली, अँपचा लाल दिवा लागलेला. ती शेजारी खुर्ची घेऊन भाजी निवडायची, कपडे शिवायची. मी एकदा गेले होते तेव्हा दार लोटलेलं होतं. ती खर्ज्याशी बोलत होती. काय, ते नीट कळलं नाही. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, बाईला आधार मिळाला.

दादा त्या वेळी घरात थांबायचा नाही. मावशीला गुणगुणणं ऐकू यायचं. दादाला त्यातले शब्द ठाऊक होते.

गिटार बंद करावी, तर धाकट्याला अंधारात एकटं सोडल्यासारखं. चालू ठेवावी, तर तो रोज तेच विचारत राहणार. दादाला दोन्ही करवेना. माणूस नुसता वाळत गेला.

मग एका दुपारी मावशीनं त्याला बोलावून घेतलं. म्हणाली, आज तो गप्प आहे.

दादानं सगळं तपासलं. अँप ठीक. वायर ठीक. तार छेडली की ती वाजत होती, तिच्यामागे मात्र काही नव्हतं. तरी पंखा मुका होता. भिंतीपलीकडचं पोरांचं खेळणं मुकं होतं.

त्यानं मावशीला बाहेर जायला सांगितलं. ती गेली नाही. तिच्यासमोरच त्यानं पिकअप उतरवले आणि एकेरी जोड लावला. आवाज मोठा केला. जिवाचा कान करून ऐकू लागला.

घरघर.

मग...

श्वास.

खोल. सावकाश. अगदी जवळून.

दादा सांगतो, भावाला लहानपणापासून कुशीत घेऊन झोपलोय, त्याचा श्वास मला कळतो. हा त्याचा नव्हता. हा माणसाचा होता की नाही, तेही तो सांगू शकत नाही. एवढंच सांगतो, की जो कोणी होता, तो पिकअपच्या पलीकडे कान लावून ऐकत होता.

"काय म्हणतोय?" मावशीनं विचारलं.

"काही नाही, आई. झोपलाय."

मावशी म्हणाली, "दार सापडलं का त्याला?"

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं. त्या गढूळ आवाजातला शब्दन्‌शब्द. रोज दुपारी ती त्याला वाट सांगत बसायची, आणि तिचं तरी त्याला कुठं ऐकू जात होतं?

"हो," दादा म्हणाला. "सापडलं."

"मग बंद कर आता. झोपू दे."

ती उठून गेली. दादानं अँप बंद केला. लाल दिवा गेला. वायर काढून हातात घेतली.

पंखा अजून मुकाच होता...

आणि श्वास चालू होता.

त्या दिवसापासून खोलीला कुलूप आहे. मावशी दुपारची निवांत झोपते. दादा झोपत नाही. काम सुटलं, गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. घर सोडा म्हटलं तर म्हणतो, जो खर्ज्यापाशी आला, तो आता कुलूप उघडून कोणापाशी येईल ते बघायला कोणीतरी हवं ना.

मागच्या आठवड्यात मी गेले होते. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो. धीर करून विचारलं, अजून ऐकू येतं का रे?

दादा डोक्यावरच्या पंख्याकडे बघत राहिला. मीही वर पाहिलं. पंखा जोरात फिरत होता, पण आवाज नव्हता.

"जरा हळू बोल," तो म्हणाला.