एका झाडाची दोन कलमं

स्पॅनिशचं भाषाकलम करून आल्यापासून ऋजुता यावले नळाच्या मीटरकडे बघून लाजायला लागली होती.

तिच्या नवऱ्याच्या, निनादच्या, हे तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. आधी त्याला वाटलं, मीटरमध्येच काही बिघाड असेल. त्यानं वाकून पाहिलं. मीटर नेहमीसारखं फिरत होतं. मागून ऋजुता हळूच म्हणाली, "ओरासिओ." आणि पदर नसताना पदर सावरल्यासारखं करून आत गेली.

शेंदुरजना घाटात आता स्पॅनिश येणं ही काही मिरवायची गोष्ट राहिली नव्हती. इथे संत्र्याच्या रोपवाटिका, तिकडे उरुग्वेतल्या साल्तो गावीही संत्र्याच्या रोपवाटिका, आणि दोन्ही गावं एकमेकांकडून डोळे मागवत. डोळा म्हणजे संत्र्याच्या फांदीवरचा बारीक अंकुर. तो जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, खुंटावर पट्टीनं बांधला, की मूळ जंबेरीचं आणि फळ संत्र्याचं. यावले रोपवाटिकेला या वर्षी साल्तोहून बोलावणं आलं होतं: डोळे काढायचे मातृवृक्ष निवडायला एक माणूस पाठवा, तीन महिन्यांसाठी. डोळे बांधायचा हंगाम असल्यानं दोघांना एकदम जाणं शक्य नव्हतं. ऋजुता जाणार होती.

निनादनं तिचा पासपोर्ट उचलला आणि पट्ट्यांच्या डब्यात तळाशी घातला. मग अमरावतीची बस पकडली.

"मॅडम, हा ओरासिओ कोण हाय?" त्यानं भाषाकलम केंद्राच्या डॉक्टर देऊस्करांना बसायच्या आधीच विचारलं.

"कोणता ओरासिओ?"

"माझी बायको मीटरपाशी उभी राहून ज्याचं नाव घेते तो."

"अच्छा, तो." डॉक्टरांनी चष्मा काढला. "बसा. मोठेपणी शिकलेली भाषा मेंदूत भाडेकरूसारखी राहते. शिवीसुद्धा देता येते, पण देताना कान गरम होत नाहीत. आम्ही ते टाळतो. साल्तोच्या एउलालियाबाई आमच्या यंत्रात चाळीस तास बोलत बसल्या. कोणता शब्द म्हणताना मेंदूतले कोणते धागे एकत्र पेटतात, त्याचा नकाशा निघाला. मग बारा बैठकांत चुंबकाचे ठोके देऊन तेच धागे ऋजुताताईंच्या डोक्यात जोडले. पाठांतर नाही, व्याकरण नाही."

"मग त्यात माणूस कुठून आला?"

"'आई' म्हटल्यावर तुम्हाला शब्दकोश आठवतो का? शब्द एकटा राहत नाही हो. 'राजा', 'लाडक्या' अशा शब्दांना कुणाचा तरी चेहरा चिकटलेला असतो. बाईंच्या त्या शब्दांना ओरासिओ चिकटलेत. साल्तोत नळाची मीटरं वाचायचं काम करतात. साठीला आलेत. टक्कल आहे."

टकलाचं ऐकून निनादला बरं वाटलं. "लग्न झालं त्यांचं? म्हणजे, बाईंशी?"

"छे. ते महिन्याला यायचे, आकडा लिहायचे, जायचे. बाईंनी एकतीस वर्षं त्यांना काही सांगितलंच नाही."

निनादनं खुर्ची पुढे ओढली. सांगून झालेलं प्रेम चार वर्षांत कपाटावरच्या सुटकेससारखं होतं, हे त्याला स्वतःच्या लग्नावरून माहीत होतं. न सांगितलेलं मात्र लोणच्यासारखं मुरत राहतं.

"तेवढा चेहरा काढून टाका."

"चेहरा काढला तर शब्दही जातील. तुम्ही रोपवाटिकावाले ना? मला सांगा, डोळ्याला आपल्या झाडाचं वय माहीत असतं का?"

"असते ना! म्हाताऱ्या झाडाचा डोळा बांधला, तर एवढंसं रोपटंही फळ धरते. डोळ्याले सारं आठवते."

"झालं तर मग."

यावल्यांच्या घरात तीन पिढ्यांपासून एक नियम होता: एका ओळीत दोन झाडांचे डोळे बांधायचे नाहीत. ओळ एकाच मातृवृक्षाची असली, की बहार एकदम येतो, फळ सारखं निघतं, गिऱ्हाईक भांडत नाही. निनादनं हाच नियम संसाराला लावला.

"मलेही कलम करा," तो म्हणाला. "एउलालियाबाईचंच."

"दुसरा दाता घ्या. एक निवृत्त अग्निशमन जवान आहेत, अतिशय शांत..."

"नको. जोडी विजोड होईल. मले तिची भाषा आली, का ती ते शब्द माझ्याशी बोलल. मग त्या शब्दांत मी बसीन. तो टकल्या उठल."

डॉक्टरांनी त्याच्यापुढे सहीचा कागद सरकवला.

बारा बैठकांनी निनादला स्पॅनिश आली. ओरासिओ आता उठणार याची खात्री झाल्यावर त्यानं पट्ट्यांच्या डब्यातून पासपोर्ट काढून गुपचूप ड्रॉवरमध्ये ठेवला. सकाळी ओसरीवर न्याहारीच्या वेळी तो ऋजुतासमोर बसला आणि तिच्याच भाषेत म्हणाला, "माझं आभाळ." साल्तोत लाडानं असंच म्हणतात.

ऋजुतानं चमकून पाहिलं. त्याच्याकडे नाही; मीटरकडे. आणि निनादला पहिल्यांदा तिचा राग आला नाही, कारण तोही तिकडेच बघत होता.

"मीटर तू पुसलंस?" तिनं विचारलं.

"धूळ बसली होती."

"ते माझं काम आहे."

"तुझं का? दाराशी दोनदा घंटी वाजवायचा तो. मला ऐकू येते."

"तीनदा."

"दोनदा. तिसरी शिडी लागून वाजायची."

"शिडी पहिल्या वर्षी होती. नंतर तो मुद्दाम वाजवायचा."

हे सगळं भांडण स्पॅनिशमध्ये झालं आणि दोघांचेही उच्चार निर्दोष होते. निनादला आठवलं, की तिचंच बरोबर आहे. तिसरी घंटी मुद्दाम होती. एकतीस वर्षं. आपल्यासाठी. ही गोष्ट ऋजुताला त्याच्याआधी कित्येक आठवडे माहीत होती, हे त्याला सहन होईना.

"तू गेलीस, तर त्याला सांगशील?" त्यानं विचारलं.

"कुणीतरी सांगायलाच हवं ना. बिचारा साठीचा झालाय."

"तुझा एकटीचा आहे तो?"

"निनाद, अरे मी तुझी बायको आहे."

"म्हणून तर विचारतो!"

ती उठून आत गेली. निनादनं पोह्यांची बशी बाजूला सारली. मग त्यानं ड्रॉवर उघडला, ऋजुताचा पासपोर्ट घेतला आणि रोपांच्या शेडमध्ये जाऊन पुन्हा त्याच डब्यात, पट्ट्यांखाली ठेवायला हात घातला. पहिल्यांदा त्यानं तो लपवला होता तेव्हा बायको जाऊ नये एवढंच त्याला हवं होतं. आता तिनं जावं किंवा राहावं, पण साल्तोत आपल्याआधी पोचू नये, असं त्याला वाटत होतं.

त्याच्या बोटांना तळाशी काहीतरी कडक लागलं. त्यानं ओढून बाहेर काढलं.

निनादचा स्वतःचाच पासपोर्ट होता.

घरातून ऋजुताचं गुणगुणणं ऐकू येत होतं. एउलालियाबाई दर महिन्याच्या पाच तारखेला, ओरासिओ मीटर वाचायला यायच्या दिवशी, दाराकडे कान लावून गुणगुणायच्या ते गाणं. निनादला ते पाठ होतं. उद्या पाच तारीख होती. त्यानं दोन्ही पासपोर्ट खिशात घातले, डोक्यावरून हात फिरवून केस नीट केले, आणि तोही गुणगुणायला लागला, जरा मोठ्यानं.