हे नाव आधीच आत आहे

खरं सांगायचं तर धाकटीने ते गाव आवडीने निवडलं नव्हतं. बाईंनी वर्गात सांगितलं, इंटरनेटवरची एखादी खोटी दुनिया निवडा, तिथे तीस तास राहा आणि तिथली माणसं कशी वागतात ते लिहून आणा. खोटी दुनिया म्हणजे जिथे आपण स्क्रीनवर एक बाहुला होऊन हिंडतो, घर बांधतो, शेजाऱ्यांशी टाइप करून गप्पा मारतो, ती. बाकीच्यांनी गजबजलेल्या दुनिया घेतल्या. धाकटीने दादाचं गाव घेतलं, कारण तिथले रस्ते तिला माहीत होते आणि नवीन काही शिकायचं त्राण अंगात नव्हतं.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. सात महिन्यांपूर्वी सकाळी कामाला जाताना ट्रकखाली सापडला. तेव्हापासून धाकटी एकदाही रडली नाही. जेवायची, कॉलेजला जायची, विचारलं तर उत्तर द्यायची. आई एकदा शेजारणीला म्हणाली होती, "एक पोर गेलं, आणि दुसरं असून नसल्यासारखं." धाकटीने ते ऐकलं, आणि तिला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं मात्र कळलं.

बाईंची एक पद्धत होती. वहीच्या डाव्या पानावर जे दिसलं ते लिहायचं, उजव्या पानावर जे वाटलं ते. "नुसती डावी पानं काय, कॅमेराही भरेल," त्या म्हणायच्या. दुसरा नियम असा की दुसऱ्याच्या नावाने आत शिरायचं नाही. पण गावात नवी नावं घेणं वर्षभरापूर्वीच बंद झालं होतं, आणि या महिन्यातल्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी चार वाजता सगळं गावच कायमचं बंद होणार होतं. तेव्हा धाकटीने दादाचं नाव वापरलं. पासवर्ड तिला शाळेपासून ठाऊक होता. परीक्षेच्या दिवसांत तिथल्या बागेला पाणी घालायला दादा तिलाच बसवायचा, आणि एक रोप सुकलं तरी घर डोक्यावर घ्यायचा.

कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या खोलीत दुपारी कुणी नसे. पंखा, तापलेल्या यंत्रांचा धुळकट वास आणि मागच्या भिंतीवरचं एक घड्याळ. पहिल्या दिवशी तिने नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आणि स्क्रीनवर एक चौकट आली.

"हे नाव आधीच आत आहे. तिथून काढून तुम्हाला आत घ्यायचं का?"

एका नावाने एकाच वेळी एकालाच आत राहता येतं, हा गावाचा जुना नियम. दादा बाहेर पडायचं विसरला असेल, असं तिच्या मनात आलं. सात महिने विसरला असेल. तिने "हो" दाबलं आणि आत गेली.

गावात चिटपाखरू नव्हतं. एकेकाळी जिथे पाय ठेवायला जागा नसे त्या चौकात नुसता वारा वाजत होता, तोही तोच तोच, दर वीस सेकंदांनी पहिल्यापासून. दादाचं घर तळ्यापलीकडे होतं. बाहेर बाग, आत एक खोली, खिडकी, टेबल आणि टेबलावर एक पेला. पेला पालथा होता.

दादाची ती सवयच होती. पाणी प्यायलं की पेला पालथा घालायचा, घरीसुद्धा. टेबलावर पाण्याचं कडं उमटायचं आणि आई रोज तेवढ्यावरून ओरडायची. धाकटीने पेला सरळ केला. डाव्या पानावर लिहिलं : "घर, टेबल, पेला. बाग हिरवी." उजवं पान कोरं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चौकट आली. हे नाव आधीच आत आहे. तिने हो दाबलं. पेला पालथा होता. तिने सरळ केला. तिसऱ्या दिवशीही तसंच झालं, आणि चौथ्या दिवशीही. एखाद्याचा थरकाप उडाला असता. धाकटीने फक्त तारीख घातली. आठवड्याच्या शेवटी बाईंनी वही चाळली आणि चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं.

"तू डोळे तेवढे पाठवतेस. माणूस घरीच ठेवून जातेस का?"

"काही वाटत नाही, बाई."

"तर मग तेच लिही."

तिने तेही लिहिलं नाही. पण बाई एक म्हणाल्या ते तिच्या डोक्यात राहिलं. "बाग हिरवी लिहिलंयस. कोण घालतं पाणी?"

सोमवारी ती आत गेली तेव्हा कुंपणाशी एक म्हातारा बाहुला उभा होता, डोक्यावर गवती टोपी घातलेला. हा शेजारचा माळी. खरा कुठे राहतो, काय करतो, ते दादालाही माहीत नव्हतं, पण दोघांची दहा वर्षांची दोस्ती होती. त्याची अक्षरं एकेक करून स्क्रीनवर उमटली.

"आलास परत? मघाशी बोलता बोलता कुठे गडप झालास?"

बागेला पाणी हाच घालत असणार, असं धाकटीला वाटलं. तिने टाइप केलं, "मी तर आत्ताच आलो."

"थट्टा करतोस होय म्हाताऱ्याची. सकाळपासून इथेच तर होतास, पाणी घालत. तू जातोस कुठे कधी? फक्त दुपारी असा मध्येच नाहीसा होतोस, आणि परत येतोस तेव्हा पार मुका होऊन येतोस. गेल्या आठवड्यापासून पाहतोय... कुणी ओढून नेतं का तुला?"

धाकटीला मागच्या भिंतीवरचं घड्याळ ऐकू येऊ लागलं.

"मघाशी मी काय सांगत होतो?" तिने विचारलं.

"तेच तुझं नेहमीचं, घरचं. आई दमते म्हणालास. तिच्याशी बोलायला कुणी नाही म्हणालास. आणि धाकटी गप्प झालीय... तुझ्यामुळे झालीय म्हणालास."

दादा होता तेव्हा धाकटी गप्प नव्हती. उलट तोंडाचा पट्टा बंद करायला तोच तिच्याशी पैजा लावायचा. ती गप्प झाली ती त्याच्या जाण्यानंतर. हे त्याला सांगणारं कुणी नव्हतं.

दादाचा कॉम्प्युटर घरी कपाटात होता, वायर गुंडाळून. पासवर्ड तिसऱ्या माणसाला ठाऊक नव्हता. तिने वही उघडली आणि डावी पानं मोजली. सात वेळा चौकट आली होती, सात वेळा तिने "हो" दाबलं होतं. म्हणजे सात वेळा तिने कुणाला तरी तिथून काढलं होतं, आपण आत बसावं म्हणून. आणि आत बसून केलं काय, तर पेला सरळ केला.

तिला भीती वाटायला हवी होती. तिला एवढंच वाटलं की शुक्रवारी चारला हे गाव बंद होईल, मग तो जाईल कुठे? त्याचं नाव तर सगळीकडून काढलं होतं. कामाच्या ठिकाणाहून, बँकेतून, दारावरच्या पाटीवरून. कागद घेऊन खिडक्यांपुढे उभी राहिली होती ती स्वतः, आणि प्रत्येक ठिकाणी व्यवस्थित सही केली होती.

गावात चिठ्ठी ठेवायची सोय होती. तिने दादाच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली, बाजारात निघालेल्या माणसाला लिहावी तशी : "दादा, गाव शुक्रवारी चारला बंद होतंय. घरी ये. तुझं नाव आता कुठेच चालत नाही. माझं वापर." मग तिने पेला पालथा घातला आणि बाहेर पडली.

त्यानंतर ती आत गेली नाही. तीस तासांतले सोळा बाकी होते. बाईंनी समजावलं, तास भरले नाहीत तर निबंध धरता येणार नाही, वर्ष जाईल. "जाऊ दे," धाकटी म्हणाली.

शुक्रवारी मात्र ती कॉम्प्युटरपुढे बसली, गावाच्या दाराबाहेर. दारावर आकडा दिसत असे, आत किती जण आहेत त्याचा. आत दोन होते. पावणेचारला एक झाला. माळी निरोप घेऊन गेला असावा. चारला पाच मिनिटं राहिली. मागचा पंखा फिरत होता तरी खोलीत ओल्या मातीचा वास यायला लागला, नुकतं पाणी घातलेल्या बागेचा. ती मागे वळली नाही. चार वाजले. आकडा शून्य झाला, आणि मग आकडाही गेला.

तिने वही घेतली आणि पहिल्यांदाच उजव्या पानावर लिहिलं : "गेला असं वाटलं. फार वाईट वाटलं." अक्षर वेडंवाकडं आलं. ते बघून तिला रडू आलं, सात महिन्यांचं, आणि ती बराच वेळ रडत बसली.

बस धरून घरी पोहोचायला साडेपाच झाले. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती, साडेतीनपर्यंत घरी यायची. आईने दार उघडलं आणि बघतच राहिली.

"तू बाहेर कधी गेलीस गं?"

"सकाळी."

"काहीतरीच. आत्ता तर उठलीस इथून. पाणी प्यायलीस, म्हणालीस आलेच."

धाकटी उंबऱ्यातच थांबली. आईचा चेहरा वेगळा दिसत होता. मोकळा. रडून आणि हसून झालेला.

"कधी आले होते मी?" तिने हळूच विचारलं.

"चार वाजून गेले होते. आज काय झालं होतं गं तुला? माझे पाय चेपलेस, म्हणालीस, दमतेस ना... किती महिन्यांनी बोललीस माझ्याशी. मला तर वाटलं..." आईने डोळ्यांना पदर लावला. "तशीच राहा बाई. पुन्हा अशी मुकी होऊ नकोस."

टेबलावर पेला पालथा होता. त्याच्याभोवती पाण्याचं कडं अजून ओलं होतं.

धाकटीने त्याला हात लावला नाही. "हातपाय धुऊन येते," म्हणाली आणि न्हाणीत जाऊन तिने आतून कडी घातली. नळ सोडला. पाण्याच्या आवाजाआडून तिला आईचं बोलणं ऐकू येऊ लागलं.

"आलीस? ये, बस अशी जवळ."

तिने नळ बंद केला. बाहेर खुर्ची सरकली. आई काहीतरी सांगत होती, मध्येच थांबत होती, कुणाचं तरी ऐकून घेत होती. मग ती हसली. असं हसणं धाकटीने सात महिन्यांत ऐकलं नव्हतं.

दारापलीकडे चार पावलांवर ते दोघं होते. कडी काढली की ती तिथे पोहोचली असती. पण एका नावाने एकालाच आत राहता येतं, हा नियम तिला पाठ होता, आणि सात वेळा तिने "हो" दाबून झालं होतं. कडीवर ठेवलेला हात तिने खाली घेतला. दाराला पाठ टेकून ती ओल्या फरशीवर बसली आणि आईचं हसणं ऐकत राहिली, आवाज न करता.