मेंदीच्या कुंपणातला नर

नायगावच्या एका चाळीमागे मेंदीचं कुंपण आहे. नूपुर भरदुपारी तिथे भिंग घेऊन उकिडवी बसली होती, तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "मॅडम, काय हरवलं काय?"

"नर शोधतेय," ती न वळताच म्हणाली. मग वळली. तळमजल्यावरचा धम्मपाल दुधाची पिशवी घेऊन उभा होता... हसू दाबत.

"कोळ्याचा," ती घाईने म्हणाली. कान मात्र लाल झालेच.

तिचं दुखणं साधं होतं. नरसाळ्यासारखं जाळं विणणाऱ्या या कोळ्याच्या नऊ माद्या तिला सापडल्या होत्या. पण प्रजाती पक्की ठरवायला पूर्ण वाढलेला नर हवा. त्याच्या तोंडापाशी आखूड पायांसारखे दोन अवयव असतात, त्यांची फुगीर टोकं तपासावी लागतात. नर नाही तर प्रबंध अर्धा. आणि शनिवारी पुनर्विकासवाले कुंपणच उखडणार होते.

"मी बघतो ना रोज. ओळखायचा कसा?"

"सडपातळ, लांब तंगड्यांचा. स्वतःचं घर सोडून मादीच्या दारात घुटमळतो."

"ओळखीचा वाटतोय," धम्मपाल म्हणाला.

पाच दिवस दोघं दिवेलागणीपर्यंत शोधत राहिले. तुम्हीचं तू झालं, नर काही मिळेना. शुक्रवारी त्याने तिला घरी चहाला बोलावलं. लेकाने पहिल्यांदाच मुलगी घरी बोलावलेली, म्हणून त्याच्या आईने, शैलाताईंनी, सकाळीच पदर खोचून घर झाडलं आणि मागच्या दारापुढचं कुंपणही.

"पाहुणी येणार नि दारात कोळिष्टकं?"

नूपुरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. धम्मपालने झाडू उचलला, तिचं भिंग घेतलं आणि एकेक काडी बघत बसला.

"नूपुर... हे बघ ना."

काडीला बिलगलेला, सडपातळ. टोकं फुगलेली. नरच होता.

त्याला बाटलीत ठेवून तिने चिठ्ठी लिहिली. ठिकाण, तारीख, पकडणाऱ्याचं नाव – शैला गमरे.

"पाच दिवस डास मला चावले, आणि नाव आईचं?"

"पकडला कुणी?"

तो हसला, मग बाटलीकडे बघत म्हणाला, "परवा आम्ही नवी इमारत होईपर्यंत वडाळ्याच्या ट्रान्झिट कॅम्पात जातोय. तुझंही काम झालं. म्हणजे आता..."

"चिठ्ठी बाटलीत जाते, बाटली कपाटात," नूपुर बूच आवळत म्हणाली. "तू मला कपाटात नकोयस. बाहेर हवायस, रोज. आवडतोस तू मला."

धम्मपालने तिच्या हातातलं पेन घेतलं आणि तिच्या वहीत वडाळ्याचा पत्ता लिहिला, खोली नंबरासकट.