आतल्या बाजूची गाठ

सकाळी सात वाजता मोहाडीच्या ठाण्यात फोन वाजला तेव्हा सहायक फौजदार रत्नमाला खोब्रागडे चहा गाळत होत्या. फोन पुंडलिकरावांचा होता. निवृत्त हवालदार, आता गावी धानाची शेती. भरतीच्या वेळी रत्नमालाबाईंना कवायत यांनीच शिकवली होती.

"बाई, तुमचा मनिष आमच्या बोडीच्या पाण्यात पडून आहे. गेला. खिशात बाटली दिसते. पिऊन पडला असन."

बाईंनी चहा तसाच ठेवला आणि गाडी काढायला सांगितली. रडू आलं नाही. काहीच आलं नाही.

शिपाई मनिषला पहाटे तिकडे त्यांनीच पिटाळलं होतं. रानडुकरांसाठी कोणीतरी धानाच्या बांधीभोवती करंटची तार सोडतो, अशी तक्रार होती. आठ वाजता रोवणीच्या बाया चिखलात उतरणार, त्याआधी बघून ये, एवढंच सांगितलं होतं. तोंडी. ठाण्याच्या डायरीत नोंद करायची राहून गेली.

गावकऱ्यांनी मनिषला बोडीच्या पाळीवर आणून निजवलं होतं. पँटला गुडघ्यापर्यंत दुमडल्याच्या घड्या. पायांत बूट, नाडीची गाठ आतल्या बाजूला, टोकं बुटात खोचलेली. बाईंनी एक बूट आणि मोजा काढला. मोजा कुठेही जळलेला नव्हता. आत मात्र बोटांमध्ये चिखल होता, चिखलात धानाचं पातं होतं आणि घोट्यावर काळी रेघ होती.

"ड्युटीची नोंद नाही, खिशात दारू," ठाणेदार म्हणाले. "जे आहे तेच लिहावं लागेल."

मनिषची बायको खुशबू बाजूलाच उभी होती. "लोकं बोलतीन ते बोलू द्या, साहेब. कागदावर नका लिहू. पोरगी उद्या वाचन."

दुपारी बाई पुंडलिकरावांच्या अंगणात गेल्या. खाटेवर बसल्या नाहीत.

"उस्ताद, तुमच्या बांधीभोवती खुंट्या आहेत. तार कुठं गेली?"

"कोणती तार?"

"मनिषच्या घोट्याला लागली ती."

"तो तर बोडीत बुडला ना, बाई. बूटगीट घालून."

"बूट काढून, पँट दुमडून तो तुमच्या बांधीत उतरला होता. मोजा पायात असता तर तोही जळला असता. आणि चिखलाच्या पायावर मोजा कोण चढवतो? मेलेल्याला दुसऱ्यानं चढवला. घाईत, पाय न धुता."

"दुसऱ्यानं म्हणजे मीच काहून?"

"मनिष नाडीचं फूल समोर लोंबतं ठेवायचा. मी रोज ओरडायची. गाठ आतल्या बाजूला, टोकं बुटात, हे या तालुक्यात दोघंच करतात." बाईंनी आपला पाय पुढे केला. "एक मी. दुसरं ज्यानं मला शिकवलं तो."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. म्हाताऱ्याने त्या गाठीकडे पाहिलं.

"डुकरासाठी होती वो ती," तो म्हणाला. "गेलो तं हा पडला होता. तार गुंडाळली, त्याले बोडीत नेलं. बूट बांधीच्या धुऱ्यावर काढलेले होते. फेकून देता आले असते. पण वर्दीतला माणूस. अनवाणी कसा ठेवू त्याले?"

"आणि बाटली खिशात घालताना वर्दी दिसली नाही, उस्ताद?"

पुंडलिकराव उठले आणि गाडीत जाऊन बसले. तार धानाच्या तणसाच्या ढिगाखाली सापडली. ती गुंडाळली गेली म्हणूनच आठ वाजता बाया रोवणीला उतरल्या आणि संध्याकाळी धडधाकट घरी गेल्या. त्यांना काही माहीतही नव्हतं.

नोंद नव्हती, म्हणून बाईंनी स्वतःचा जबाब लिहून दिला. चुकीबद्दल चौकशी लागेल, असं ठाणेदारांनी बजावलं. बाईंनी सही केली. मग खुशबूच्या घरी जाऊन तो जबाब वाचून दाखवला. 'शिपाई मनिष हे माझ्या तोंडी आदेशावरून कर्तव्यावर असताना मरण पावले.'

खुशबूने तो पुन्हा वाचायला लावला.

"म्हणजे त्याईले तुम्हीच पाठवलं होतं, बाई?"

"हो," रत्नमालाबाई म्हणाल्या. "मीच."