परीक्षक क्रमांक दोन

तिने सेमिनार रूमचं दार ढकललं, तेव्हा एक अनोळखी तरुण तिची चार दिवसांची मेहनत डस्टरने पुसत होता.

"अहो, थांबा... वर लिहिलंय ना, पुसू नका म्हणून?"

तो गर्रकन वळला. नाकाच्या शेंड्यावर खडू. त्याने वर पाहिलं. 'पुसू नका' हीच अक्षरं त्याने सगळ्यात आधी पुसली होती.

"सॉरी. मला वाटलं... जुनी सूचना असेल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता ती बोलणार, तोच तो उरलेला अर्धा फळा वाचू लागला. वाचता वाचता थबकला. मग खडू उचलून त्याने पुसलेला भाग परत लिहून काढला — ओळ न् ओळ, तिच्याच खुणांसकट. ती बघतच राहिली. माणूस दिसायला बरा, त्यात ही स्मरणशक्ती. कुणी किती वेळ रागावणार?

तो दोन वर्षांच्या फेलोशिपवर नुकताच आला होता. त्या दिवसापासून चार वाजताचा चहा दोघांचा एकत्र होऊ लागला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. तिचा विषय हार्मोनिक ॲनालिसिस. गुंतागुंतीची गोष्ट साध्या लहरींत उलगडून दाखवायची, तीही अशा अमूर्त जगात, जिथे साधी बेरीजसुद्धा कुणी करत नाही.

"आई विचारते, एवढं गणित करतेस, मग वहीत आकडे कुठेत गं?"

"मग काय सांगतेस?"

"पानांचे नंबर दाखवते."

त्याला ठसका लागला. चहा शर्टावर. तिने रुमाल पुढे केला... आणि परत मागायचं विसरली. मुद्दामच.

फक्त तिने जर्नलला पाठवलेल्या पेपरचा विषय निघाला, की स्वारी खिडकीबाहेर बघायची. तिला वाटायचं, लाजतोय. वेडी कुठली!

त्या पेपरवर तिचं सगळं अडलं होतं. तीन वर्षं ती तात्पुरत्या नेमणुकांवर काढत होती. पुस्तकांचा एक खोका तर तिने उघडलाच नव्हता. येत्या सोमवारी कायमच्या जागेची मुलाखत. जर्नलचं 'पेपर स्वीकारला' असं पत्र हातात असलं, की जागा जवळजवळ तिचीच. पेपर दोन परीक्षकांकडे होता. परीक्षकांना लेखकाचं नाव कळतं, लेखकाला परीक्षकांचं कधीच नाही. या धंद्याची रीतच तशी.

गुरुवारी अहवाल आले. पहिल्या परीक्षकाने तोंडभरून कौतुक केलं होतं. दुसऱ्याने पान सातवर बोट ठेवलं होतं. काही रचना अशा असतात, की डावीकडून मोजलं तर एक माप येतं, उजवीकडून मोजलं तर दुसरं. तिने दोन्ही मापं एकच धरली होती. याच चुकीसाठी ती विद्यार्थ्यांचे कान उपटायची.

ती तडक चहाच्या टेबलाशी गेली. "कोण आहे हा दोन नंबरचा खडूस? चूक माझीच आहे, पण गोड शब्दांत सांगायला पैसे पडतात का?"

तो कप फिरवत राहिला. "पाचवं प्रमेय त्याने पडत नाही. एक गुणक जास्तीचा येईल, एवढंच. दोन दिवसांचं काम."

"पाचवं?" ती थांबली. "तुला मी पेपर दाखवला कधी?"

त्याने कप खाली ठेवला.

"आणि फळ्यावरचं ते... तू एका नजरेत पाठ केलं नव्हतंस."

"दोन महिने तोच पेपर वाचत होतो. फळ्यावर त्यातल्याच ओळी दिसल्या आणि कळलं, ती लेखिका तू. त्याच दिवशी संपादकांना कळवून बाजूला व्हायला हवं होतं मी."

"मग का नाही झालास?"

"मग... चहाची वेळ झाली."

ती निघून गेली. दोन दिवस तिने दार लावून काम केलं, आणि मधूनमधून रडलीही. पेपरचं दुःख फार नव्हतं. रोज समोर बसून हा माणूस पोटात एक, ओठांत एक ठेवत होता, ते लागलं होतं. गुणक मात्र तो म्हणाला तिथेच आला.

शनिवारी दुपारी दारावर टकटक झाली. तो लॅपटॉप घेऊन उभा होता.

"दुरुस्ती झाली?"

"झाली."

"मी गप्प बसलो, तर सोमवारच्या आत 'स्वीकारा' असं लिहून देऊ शकतो. पेपर खरंच तेवढा चांगला आहे. कुणाला कळणारही नाही."

"नाहीतर?"

त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. संपादकांना पत्र होतं. 'माझं लेखिकेशी निकटचं नातं असल्यामुळे मी निष्पक्ष परीक्षक राहू शकत नाही. कृपया दुसरा परीक्षक नेमावा.' दुसरा परीक्षक म्हणजे आणखी सहा महिने.

तिने पत्र दोनदा वाचलं. कान तापले.

"निकटचं नातं... असं काही आहे?"

"माझ्याकडून आहे. कधीचंच. तुझ्याकडचं माहीत नाही, म्हणून पाठवलं नाही अजून."

तिला ती जागा हवी होती. फार हवी होती. आईला फोन करून काय सांगायचं, हेसुद्धा ठरलं होतं. पण हाही हवा होता. आणि त्याच्याच हातून पास झालेला पेपर आयुष्यभर सलत राहिला असता, दोघांनाही.

तिने खुर्ची पुढे ओढली. "हे वाक्य चुकलंय. 'माझं लेखिकेशी' नको. 'लेखिकेचं आणि माझं' असं लिही."

त्याने लिहिलं. "आणि सोमवार?"

"खरं ते सांगेन. पेपर अजून तपासला जातोय म्हणून. घेतलं तर घेतलं."

"नाही घेतलं तर?"

"तर रडेन. तू असशील ना?"

त्याने आधी पत्र पाठवलं. मग लॅपटॉप मिटला आणि तिचा हात हातात घेतला.