एक्केचाळीस नंबरचा बिल्ला

मी बारामतीच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. भुताखेतांच्या गप्पा हाणणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं करतो. त्यामुळं हे सांगताना माझा मलाच राग येतोय, पण इलाज नाही.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात सांगवीतली आमची विहीर आणखी खोल न्यायला घेतली. पाच माणसं यारीला दोरानं लटकवलेल्या टोपल्यातनं खाली उतरायची, खडकाला भोकं पाडून सुरुंगाची दारू भरायची, वर यायची, मग बार उडायचा. देखरेखीला माझे चुलते हिंदुरावतात्या होते. एकाहत्तरच्या युद्धात ते नौदलाच्या विमानवाहू जहाजावर होते. त्यांनी बाभळीला एक फळी ठोकली, तिला सहा खिळे मारले, सहावा स्वतःसाठी, आणि सगळ्यांना पत्र्याचे बिल्ले वाटले. खाली जाताना आपला बिल्ला खिळ्याला अडकवायचा, वर आल्यावर आपणच काढायचा. फळी मोकळी झाल्याशिवाय बार नाही.

"तात्या, ही बोट न्हाय, विहीर हाय," टोळीचा मुकादम अप्पा म्हणायचा. मीही हसायचो.

"हसा लेकांनो. पर दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावला तर तंगडं मोडीन."

हे वेड कुठनं आलं, ते मला एकट्याला माहीत होतं. जहाजावर विमानं वर, आणि तात्या खाली जहाजाच्या पोटात. तिथं हीच रीत होती, पितळी बिल्ल्यांची. इंदापूरचा नाना त्यांचा जोडीदार, नंबर एक्केचाळीस. भला माणूस, पण भलताच विसरभोळा. बॉयलरच्या खोलीतनं बाहेर यायचा आणि बिल्ला दाराशीच लटकत ठेवायचा. एक दिवस हल्ल्याचा भोंगा झाला. करड्या रंगाची लोखंडी दारं आवळायचा हुकूम सुटला. एक्केचाळीस दाराशी लटकतच होता. 'पुन्हा विसरलं गाढव,' म्हणत तात्यांनी तो काढून खिशात टाकला आणि दार आवळलं.

नाना आत होता. आत धूर कोंडला. दोन तासांनी दार उघडलं तेव्हा ठोकून ठोकून त्याच्या उजव्या हाताची बोटं हाडापर्यंत सोलवटली होती. इंजिनांच्या आवाजात कुणाला काही ऐकू गेलं नव्हतं.

"फळी मोकळी व्हती, आसं मी सायबाला सांगितलं," तात्या मला म्हणाले होते. "पुन्यांदा कुणाला आत ठिवून दार लावणार न्हाय, रवींद्रा. मेलो तरी न्हाय."

त्या वर्षीच्या जानेवारीत ते जहाज सेवेतनं निवृत्त झालं. तात्यांना घेऊन मी मुंबईला गेलो. धक्क्यावर उभं राहून त्यांनी तो पितळी बिल्ला समुद्रात टाकला. बुडताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

आणि मग ती मे महिन्यातली दुपार. तात्या जेवायला घरी गेले होते. दारू भरून पाचही माणसं वर आली, आपापले बिल्ले काढून बाजूला झाली. मी डोकी मोजली. पाच. मग फळीकडं पाहिलं.

सहाव्या खिळ्याला पितळी बिल्ला होता. एक्केचाळीस. ओला, कडांना मीठ फुटलेलं.

मला भीती नाही वाटली, संताप आला. म्हाताऱ्यानं तसलाच दुसरा करून घेतलाय आणि आम्हाला खेळवतोय, असं वाटलं. तरी मी वाकून विहिरीत पाहिलं. भर उन्हात तळ लख्ख दिसत होता. कुणी नव्हतं. मी बिल्ला काढून खिशात टाकला.

तेवढ्यात तात्या लगालगा आले.

"किती?"

"पाच."

"फळी?"

"मोकळी हाय, तात्या."

अप्पानं वायर बॅटरीला लावली. पायाखालची जमीन हादरली. धुराळा वर आला, दगड खाली बसले.

मग खालनं आवाज आला. ठक. ठक. ठक. लोखंडावर ठोकल्याचा.

"दगडं बसत्यात," अप्पा म्हणाला. माझ्याकडं बघायचं मात्र त्यानं टाळलं.

तात्यांनी माझ्यापुढं हात पसरला. मी बिल्ला दिला. वाटलं, मुस्काडात बसणार. त्यांनी नुसतं अंगठ्यानं मीठ पुसलं.

"तू बी माझ्यासारखंच केलंस रं."

त्यांनी एक्केचाळीस परत खिळ्याला लावला. शेजारी स्वतःचा पत्र्याचा अडकवला.

"तात्या, खाली विषारी धूर हाय! तासभर उतरता येत न्हाय!" मी त्यांचा दंड धरला.

"सोड. ह्या टायमाला दार उघडतो."

हिसका देऊन ते दोराला धरून उतरले. हात खलाशाचा होता, बघता बघता दिसेनासे झाले.

ठोके थांबले.

अप्पा तोंडाला ओला टॉवेल बांधून खाली गेला आणि दहा मिनिटांत त्यांना टोपल्यात घालून वर घेऊन आला. तात्या गेले होते. फळीवर त्यांचा एकट्याचाच बिल्ला लटकत होता. एक्केचाळीस नव्हता.

पंचनाम्यात सगळं लिहिलं, धूर, वेळ, विहिरीची खोली. फळीचं कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. मी त्यांना मारलं, हे मला तेव्हाही कळत होतं.

घरी छबूकाकू ओल्या फडक्यानं त्यांचा उजवा हात पुसत होती. बोटं हाडापर्यंत सोलवटली होती. विहीर उघडी, वर सगळं आभाळ. ठोकायला तिथं दार नव्हतं.

काकूनं त्यांचा हात उजेडात धरला.

"रवींद्रा, नखांत ह्यो करडा रंग कसला रं? विहिरीला कुणी रंग दिला व्हता?"